रतनवाडी, सांदण आणि आमच्या घरातली भीती

शुक्रवार : ठाणे ते रतनवाडी

यंदा २६ जानेवारी सोमवारी आली. लागून सुट्टी दिसल्यावर दादा घरी बसणं शक्यच नव्हतं. त्याने परस्पर रतनगडाच्या पायथ्याशी, रतनवाडीत एका घरी राहण्याजेवणाची सोय करून टाकली आणि मग आम्हाला कळवलं. दादा, वहिनी, अकरा वर्षांचा भाचा, मी, माझी दहा वर्षांची थोरली, सहा वर्षांचा धाकटा आणि आमची आई. नवऱ्याला रजा मिळाली नाही. आई येते म्हणाली तेव्हा मी दोनदा विचारून खात्री केली. आमच्या आईच्या हिशेबी गड, धरण, विहीर, गच्ची, उतारावरची सायकल आणि जत्रेतला पाळणा या सगळ्या एकाच जातीच्या गोष्टी. तिथे माणसं मरतात.

कसारा घाट, घोटीला मिसळ, बारीजवळ उजव्या हाताला कळसूबाईचं दर्शन, मग शेंडी. शेंडीहून मुतखेल, कोलटेंभे करत रस्ता भंडारदरा धरणाच्या काठाकाठाने रतनवाडीला जातो. पाणी मधेच झाडांआड जातं, पुन्हा दिसतं. वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरायचं आणि पावती जपून ठेवायची, पुढे पुन्हा विचारतात.

संध्याकाळी अमृतेश्वराच्या देवळात गेलो. देऊळ सुंदर आहे, कोरीवकाम बघत तासभर सहज जातो. पण मला लक्षात राहिली ती शेजारची पुष्करणी. खाली पाण्याकडे जाणाऱ्या पायऱ्या आणि कोनाड्यांत मूर्ती. धाकटा सुसाट पायऱ्यांकडे धावला. आई आणि मी एकाच क्षणी, एकाच पट्टीत ओरडलो, "अरे पडशील!" दादा म्हणाला, "पडू दे गं, त्याशिवाय शिकत नाहीत पोरं." भाच्याने ते ऐकून दोन दोन पायऱ्या गाळत उड्या मारल्या आणि खालून बापाकडे पाहिलं. थोरली वरच्या कडेपासून चार हात लांब, पाठीमागे हात बांधून उभी होती. आमच्या घराचा इतिहास तिथे एका फोटोत मावला असता.

तो इतिहास थोडक्यात सांगते. आई बारा वर्षांची असताना तिचा पाठचा भाऊ शेतातल्या विहिरीत बुडाला. सातारा भागातलं गाव. पाठीला पत्र्याचा डबा नाहीतर सुका भोपळा बांधून सगळी पोरं विहिरीत पोहायला शिकायची. हाही शिकतच होता. आईने हे आम्हाला कधी सांगितलं नाही, मामीकडून कळलं. आमच्यापर्यंत आला तो फक्त निकाल: पाण्याजवळ जायचं नाही. नंतर त्यात उंची आली, वेग आला, अंधार आला. मला अजून पोहता येत नाही. दादा कॉलेजात असताना मित्राच्या गावी चोरून पोहायला शिकला आणि तेव्हापासून आईला जे जे नको ते ते करत आला. म्हणजे दोघांचीही सूत्रं आईच्याच हातात राहिली, हे मला फार उशिरा कळलं. दादाला मी ते अजून पटवू शकलेले नाही.

रात्री चुलीपुढे जेवण. नागलीची भाकरी, हुलग्याची शेंगोळी, लसणाची चटणी, वर घरचं तूप. घरच्या मावशींचा चार वर्षांचा नातू चुलीत लाकडं सरकवत होता. आईचा घास हातातच राहिला. मावशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "ह्या टोकाला धर. ते टोक लाल झालंय, त्याला हात नाय लावायचा." पोराने काळं टोक धरून लाकूड आत ढकललं, हात झटकला आणि मागे सरकून बसला. मावशींची नजर भाकरीवर होती असं मला वाटत होतं. पण त्याचं चड्डीचं नाडं लोंबतंय हे त्यांनी मान न वळवता सांगितलं.

(जाणाऱ्यांसाठी: जानेवारीत रात्रीची थंडी चांगलीच बोचते. मुलांना कानटोपी, पायमोजे आणि एक जास्तीचा स्वेटर. मोबाइलला रेंज धड नाही. रोख पैसे न्या.)

शनिवार : साम्रद, सांदण दरी

मावशींचा मुलगा आमचा वाटाड्या. मुलं त्याला काका म्हणायला लागली, म्हणून मीही काकाच म्हणते. त्याची नऊ वर्षांची मुलगी यायला तयार होती; पण शनिवारी सकाळची शाळा. बापाने नाही म्हटल्यावर ती फुरंगटून दप्तर घेऊन गेली.

साम्रद गावातून सांदणच्या तोंडापर्यंत चालत थोडंच अंतर. आई गावातच एका ओट्यावर बसली. सांदण म्हणजे जमिनीला पडलेली भेग आहे. दोन्हीकडे काळे कडे, वर आभाळाची पट्टी, खाली घरागाड्यांएवढे धोंडे. ऊन तळापर्यंत जेमतेम पोचतं. काकाने आत शिरल्यावर पहिल्यांदा काय दाखवलं, तर आमच्या डोक्याच्या बरंच वर दोन कड्यांमध्ये अडकलेला ओंडका. "पावसाळ्यात पाणी त्याला तिथं ठेवून गेलं." मुलं बराच वेळ मान वर करून बघत राहिली. पावसाळ्यात इथे का येऊ नये यावर आणखी काही बोलावं लागलं नाही.

धोंड्यांवरून चालताना मी माझं नेहमीचं चालू केलं. जपून, सावकाश, बघून, अगं हळू. थोरली प्रत्येक "जपून"ला थांबायची, माझ्याकडे बघायची, आणि त्या थांबण्यानेच तिचा तोल जायचा. काका पुढून बोलत होता ते वेगळं होतं. "डावा पाय त्या पांढऱ्या दगडावर. पुढचा हलतो, त्याला सोड. इथं बसून उतर." त्याच्या बोलण्यात काळजीचा शब्दच नव्हता. थोड्या वेळाने थोरलीने माझ्याकडे बघणं सोडलं. मला जरा वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

भाचा सगळ्यांत पुढे. या धोंड्यावरून त्या धोंड्यावर, मधल्या फटीकडे न बघता. दादा मागून, "वाघ आहे माझा!" काकाने दोनदा त्याला मागे बोलावलं. तिसऱ्यांदा सरळ दंड धरला आणि म्हणाला, "माझ्या मागं चालायचं. पुढं गेलास तर परत फिरू." दादाला ते आवडलं नाही. मधे पाणी प्यायला बसलो तेव्हा भाच्याने बाटली घेतली ती मनगटांच्या मध्ये धरून. दोन्ही तळवे सोलवटले होते. त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

मग पाण्याचा पट्टा आला. दरी तिथे अरुंद होते आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत पाणी असतं. महिन्यागणिक पातळी बदलते. आम्ही गेलो तेव्हा काकाच्या गुडघ्याच्या वर. थोरली काठावर थांबली. ती पाण्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

मी शाळेत शिकवते. बी.एड.ला बालमानसशास्त्रात एक प्रयोग होता. गिब्सन आणि वॉक या दोघांनी १९६० साली मांडलेला 'दृश्य कडा': उंच टेबलावर जाड काच, काचेखाली अर्ध्या भागात चौकटींचं कापड अगदी लगत, पुढच्या भागात खूप खाली. काच भक्कम, पण बाळाला पुढे खड्डा दिसतो. १९८५ साली सॉर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा खड्डा मुद्दाम उथळ केला, साधारण ३० सेंटीमीटरचा. भ्यायचं की नाही हे बाळाला एकट्याने ठरवता येऊ नये इतपत. बाळं वर्षाची, पलीकडे त्यांच्या आया. आईने हसरा चेहरा केला तेव्हा १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून गेली. घाबरा चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. आयांनी फक्त चेहरा केला होता.

चेहरा काही नळ नाही फिरवून बंद करायला. मला स्वतःला पाण्याची भीती वाटत होती आणि ती दिसत असणारच. मग मी काकाला विचारलं, "कुठे किती खोल आहे?" त्याने काठी घालून दाखवलं. इथे गुडघा, तिथे मांडी, ताईच्या कमरेला लागेल, उजव्या भिंतीला धरा, तळाचे दगड गुळगुळीत आहेत, पाय उचलून टाकायचा नाही, घासत न्यायचा. मी आधी उतरले. पाणी इतकं गार की माझ्या तोंडून "आई गंऽऽ" निघालं, ते दोन्ही कड्यांवर आपटून परत आलं आणि थोरलीला हसू फुटलं. ती पाय घासत, भिंत धरून, मधे काकाला "आता किती?" विचारत पलीकडे आली. धाकटा काकाच्या खांद्यावर.

दोरावरून उतरायचा टप्पा लागतो तिथून आम्ही मागे फिरलो. पुढची वाट कोकणात देहण्याकडे उतरते. ती दोर आणि जाणकार माणसं असतील तरच.

(जाणाऱ्यांसाठी: बुटाच्या तळाला खाचा हव्यात. दुसरा मोज्यांचा जोड आणि मुलांचे पूर्ण कपडे पाठपिशवीत, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. सकाळी लवकर शिरा. आम्ही परतताना लोक इतके होते की पाण्याच्या पट्ट्यावर रांग लागली होती. साम्रदला जेवण सांगून ठेवलं तर परतल्यावर गरम पिठलं-भाकरी मिळते.)

रविवार : रतनगड

आज काकाची मुलगी होती. पाठीवर पोतडी, तीत लिंबं, साखर, मीठ, ग्लास. वर लिंबू सरबताचं दुकान मांडायचं होतं तिला. लांब सुट्टीची गर्दी म्हणजे धंदा. आई आज मावशींबरोबर घरीच थांबली.

रतनवाडीतून वाट प्रवरेच्या ओढ्याच्या संगतीने जाते, मग दाट रानात शिरते. हिरडा, जांभूळ, आंबा. हरिश्चंद्रगडाकडे जाणारा फाटा सोडून चढ लागला. काका कमी बोलतो, पण दोन ठिकाणी आपणहून थांबला. एकदा ओढ्यापाशी: "पावसात ह्याचं पाणी गढूळ झालं, पाला वाहायला लागला, की मी उतरत नाय. अलीकडं बसून राहतो. लोक हसतात." दुसऱ्यांदा कड्याकडे बोट करून. तिथे आग्या मोहोळ होतं. "इथून पुढं आरडाओरडा नाय, अत्तर मारलं असंल त्यानं मागं राहायचं." वहिनीने सकाळी काहीतरी फवारलं होतं. तिने निमूट ओला रुमाल घेऊन मान पुसली. या माणसाला कशाचीच भीती वाटत नसेल असं शनिवारी मला वाटलं होतं. उलट होतं. त्याच्याकडे भीत्यांची नीट यादी होती आणि त्या यादीबाहेर तो मोकळा होता.

शिड्यांपाशी गर्दी तुंबलेली. कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्या, पावलांनी झिजून दांड्या गुळगुळीत. धाकटा सगळ्यात आधी चढू बघत होता. मी काही बोलायच्या आत काकाने त्याच्या कमरेला दोर बांधला. "ह्याला भीती नाय, ते बरं नाय," एवढंच म्हणाला आणि त्याला स्वतःच्या पुढे घेऊन वर पोचवून आला.

दुसऱ्या शिडीवर क्रम असा होता: दादा वर पोचलेला, मग भाचा, मग काकाची मुलगी, मग थोरली, मग मी. भाचा अर्ध्यात थांबला. मला वाटलं गर्दी असेल. मग त्याच्या हातांकडे लक्ष गेलं. त्याने दांडी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, बोटांची पेरं पांढरी पडली होती आणि डावी पोटरी शिवणयंत्रावर असल्यागत थडथडत होती. वरून दादा, "चढ रे! घाबरतोस काय? वाघ ना तू?" खालून कुणीतरी, "चलो भाई, चलो." भाचा एक शब्द बोलला नाही. ना "थांबा", ना "धरा". अकरा वर्षांत त्याला घरी हे शब्द कधी लागलेच नव्हते.

काकाच्या मुलीने वर पाहिलं आणि बापाला हाक मारली, "बाबा, ह्याचा पाय हालतो!" काका वरून शिडीच्या कडेने, खडकाच्या खोबणीत पाय देत खाली आला आणि भाच्याच्या शेजारी टेकला. त्याची टाच हातात धरली. "हा पाय माझा. आता तुझा उजवा हात वरच्या दांडीवर. घट्ट. आता हा पाय मी उचलतो, तू फक्त ठेव. ठेवला? आता डावा हात. एका वेळी एकच काय ते हलवायचं, बाकीचे तीन चिकटून." सात-आठ दांड्या असंच. दादाला काकाने फक्त हात वर करून गप्प राहायची खूण केली होती आणि दादा, चक्क, गप्प राहिला.

गणेश दरवाजापाशी भाचा भिंतीला टेकून बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "बाबा, मला उंचावर भीती वाटते." दादा म्हणाला, "कधीपासून?" तो म्हणाला, "नेहमीच." वहिनी दुसरीकडे बघत होती. तिला ठाऊक असावं. मला वाटलं दादा हसण्यावारी नेईल. त्याने बाटलीचं झाकण उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडून पोराला दिली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तू काही बोलू नकोस."

गडावर पुढचं सगळं निवांत. गुहेत सावली, रत्नादेवीचं ठाणं, पाण्याची टाकी. नेढ्यापर्यंत जायला शेवटी थोडं हाताने चढावं लागतं. नेढं म्हणजे डोंगराच्या माथ्याला आरपार भोक, आत बसलं की वारा दोन्हीकडून येतो. पलीकडे अलंग, मदन, कुलंग हे गड ओळीने, इकडे कळसूबाई, खाली भंडारदऱ्याचं पाणी. थोरली नेढ्याच्या खालीच बसली. "मला इथूनच दिसतंय," म्हणाली. वर ये म्हणून मी आग्रह केला नाही आणि येऊ नको असंही म्हटलं नाही. भाचा मात्र काकाच्या मागे, एका वेळी एक काय ते हलवत, पुटपुटत गेला. तो बोलत होता ते मला ऐकू आलं: "हा हात. हा पाय. हा हात."

सरबताची विक्री जोरात झाली. उतरताना नऊ वर्षांची दुकानदारीण शिडीवरून तोंड खडकाकडे करूनच उतरत होती. लोकांसारखी पाठ करून, मिरवत नाही. मी विचारलं, कुणी शिकवलं? "बाबानी. पाठ करून उतरलं की आजी जेवाया देत नाय."

घरी आलो तेव्हा दोघी म्हाताऱ्या अंगणात वाल सोलत होत्या. आईने मावशींना विहिरीची गोष्ट सांगितली होती. आम्हाला जी चाळीस वर्षांत सांगितली नाही, ती एका दुपारी. मावशींच्या दिराला मण्यार चावली होती, रात्री झोपेत, जमिनीवर. तो गेला. तेव्हापासून त्या घरात कुणी जमिनीवर झोपत नाही, सगळे खाटेवर; लाकडाची मोळी घरापासून लांब; रात्री बाहेर जायचं तर बॅटरी आणि काठी. पोरांचं रानात जाणं थांबलं नाही. आई हे मला सांगत होती आणि मधेच म्हणाली, "आमच्याकडे विहिरीला कठडा बांधला असता तरी चाललं असतं." एवढं बोलून तिने वालाचं सूप उचललं आणि आत गेली.

(जाणाऱ्यांसाठी: मुलांना घेऊन लांब सुट्टीच्या गर्दीत रतनगड नकोच, साधा शनिवार-रविवार किंवा आडवार गाठा. वाटाड्या गावातलाच घ्या. एक छोटा दोर जवळ असावा. जवळचं मोठं गाव राजूर. रुग्णवाहिकेचा १०८ पाठ असू द्या. साप चावल्यास बाहेरचे उपाय नकोत, थेट दवाखाना.)

सोमवार : झेंडा, होडी, परत

सकाळी जिल्हा परिषदेच्या शाळेत झेंडावंदन. काकाची मुलगी लेझीमच्या पहिल्या रांगेत. आम्हालाही खुर्च्या दिल्या आणि शेवटी मुलांच्या बरोबरीने बुंदीचा लाडू.

निघताना वाटेत धरणाच्या काठी होडी दिसली. धाकट्याने हट्ट धरला. आम्ही उतरलो. आईने पाण्याकडे बघितलंच नाही, होडीत बघितलं. "जॅकेट कुठंयत?" होडीवाला म्हणाला, "आजी, काय होत नाय, रोज फिरवतो." आई म्हणाली, "किती आहेत?" त्याने शोधून तीन काढली, त्यातल्या एकाची पट्टी तुटलेली. आम्ही सात. दादा सवयीने म्हणाला, "चल गं आई, पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे." आई म्हणाली, "सात आणलीस तर मी पण बसते." ती बसते म्हणाली, हे आम्हा सगळ्यांना समजायला जरा वेळ लागला. भाचा म्हणाला, "आजी बरोबर बोलतेय. मी नाही बसत." दादाने माझ्याकडे पाहिलं. मी या वेळीही काही बोलले नाही.

होडी झाली नाही. धाकटा घोटीपर्यंत रडला, घोटीला वडापाव मिळाल्यावर गप्प झाला. जोडून सुट्टी असली की परतीच्या संध्याकाळी कसारा घाटात गाड्या तुंबतात, त्यामुळे दुपारी दोनच्या आत घोटी सोडलेली बरी.

गाडीत दादा कळसूबाईचं बोलायला लागला. १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, बारीतून पहाटे निघायचं, फेब्रुवारीत उन्हं तापायच्या आत. "तिथे पण शिड्या आहेत?" भाच्याने विचारलं. आहेत, दादा म्हणाला, पण कठडे आहेत बाजूला. मग आरशातून मागे बघत त्याने विचारलं, "तुला यायचंय का?"

"विचार करून सांगतो," भाचा म्हणाला.

"पुढे बघून गाडी चालव," आई म्हणाली.